खालापूरपर्यंतच पुरणारी हवा

गाडीच्या एसीची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "एसी चालत नाही." त्या वाक्यात दोन वेगळे आजार असतात. एकात हवा भरपूर येते पण गार नसते. दुसऱ्यात हवा गार असते पण येतच नाही. पहिल्याचं मूळ बॉनेटखाली, कंप्रेसर, कंडेन्सर आणि गॅसच्या बाजूला शोधायचं. दुसऱ्याचं डॅशबोर्डच्या आत. गॅसने हवा थंड होते, वाढत नाही. हवा वाढवणारा फक्त ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा पंखा. तरीही "हवा कमी येते" म्हटलं की गॅस भरून देण्याची पद्धत पडली आहे. मुलुंडहून आलेल्या ज्या गाडीचं काम इथे लिहितो आहोत, तिच्यात एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला गेला होता. आमच्याआधीच्या गॅरेजने एकदा कूलिंग कॉइल साफ करायच्या फोमची बाटलीही मारली होती. हवा होती तेवढीच राहिली.

गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, एसीला गोल नॉब, ब्लोअरला चार स्पीड. रोज मुलुंड ते अंधेरी, म्हणजे मेट्रोच्या कामाची धूळ खात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जाणं-येणं. उरलेला वेळ सोसायटीत पर्जन्यवृक्षाखाली उभी. मालकांनी सांगितलेल्या तक्रारी दोन होत्या. रोजची अशी, की चार नंबरवर आवाज विमानासारखा पण तोंडावर वारा लागत नाही. दुसरी ऐकून आम्ही कान टवकारले : "पुण्याला निघालो की खालापूरपर्यंत काही ना काही हवा असते. पुढे घाटात नुसती घरघर. फूड मॉलला थांबून चहा प्यायलो की परत सुरू."

अर्ध्या तासाच्या थांब्याने आपोआप बरा होणारा एसी म्हणजे आत बर्फ धरतो आहे, हे जवळजवळ नक्की. हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फाचा थर बसला की पात्यांमधल्या फटी बुजतात आणि हवा जायला वाटच उरत नाही. गाडी उभी राहिली की बर्फ वितळतो, खाली पाण्याचं थारोळं पडतं आणि वाट मोकळी होते. बर्फ का धरतो, हे मात्र नंतर कळलं. आधी रोजची तक्रार हातात घेतली, कारण कमी हवेनेही कॉइल गोठते आणि मुळातला अडथळा काढला तर दोन्ही तक्रारी एकदमच मिटतील, असा आमचा अंदाज होता. तो अर्धाच बरोबर निघाला.

काम सुरू करण्याआधी हवेचा रस्ता डोळ्यांसमोर हवा. हवा आत येते ती वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीतून, किंवा रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणं, लावलं असेल तर डाव्या सीटच्या पायांशी असलेल्या तोंडातून. मग केबिन फिल्टर, मग ब्लोअरचा पिंजऱ्यासारखा पंखा, मग कूलिंग कॉइल. तिथून पुढे तापमानाचा पडदा, त्याच्या एका बाजूला हीटरची कॉइल. शेवटी तोंड, पाय आणि काच अशा तीन दिशांना हवा वाटणारे पडदे आणि त्यांचे डक्ट. काही गाड्यांत फिल्टर पंख्याच्या पुढे, कॉइलच्या आधी बसवलेला असतो, पण क्रमाचं तत्त्व तेच. अडथळा या रस्त्यावर कुठेतरी असतो, आणि तो कुठल्या टप्प्यात आहे हे पाना हातात न घेता बरंच सांगता येतं.

इंजिन चालू, एसी बंद, ब्लोअर चारवर, आणि नॉब एकेक करून फिरवत हात लावून पाहायचं. तोंडाची हवा कमी पण काचेची दणकून येत असेल, तर दोष वाटपाच्या पडद्यात. सगळीकडे सारखीच कमी असेल, तर दोष अलीकडे : फिल्टर, पंखा किंवा कूलिंग कॉइल. बाहेरच्या हवेवर कमी आणि रिसर्क्युलेशनवर जोरात, तर काचेखालची जाळी तुंबलेली. गारवर जोरात आणि गरमवर फारच कमी, तर हीटरच्या बाजूला पाहायचं. मुंबईत हे तपासायचं कोणाच्या मनातच येत नाही, कारण तापमानाचा नॉब वर्षानुवर्षं निळ्यावर पडून असतो. त्याची केबल जागीच आखडते आणि महाबळेश्वरला जाताना जोर लावून फिरवला की टोकाची क्लिप तुटते. महिन्यातून एकदा सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले तर हे टळतं.

आणखी एक चाचणी फुकटची आहे. बाहेरच्या हवेवर ठेवून सगळ्या काचा बंद करा, मग एक काच उतरवा. काच उतरवल्याबरोबर झोत वाढला तर आतली हवा बाहेर पडायची वाट बंद आहे. ती वाट बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आड रबरी झडपांची असते. मागे धडक बसून पत्रा ठोकलेला असेल किंवा डिकीत कडेला सामान कोंबलेलं असेल, तर ती बुजते. मुलुंडच्या गाडीत काच उतरवूनही फरक पडला नाही. तोंड, पाय, काच, गार, गरम, सगळीकडे हवा सारखीच मरतुकडी होती. रिसर्क्युलेशनवर किंचित बरी, एवढंच.

हाताचा अंदाज दहा मिनिटांनी फसतो, म्हणून वाऱ्याचा वेग मोजणारं, हातात मावणारं छोटं पंख्याचं अ‍ॅनिमोमीटर वापरतो. मधल्या डाव्या व्हेंटसमोर, दर वेळी त्याच अंतरावर, व्हेंटच्या पट्ट्या सरळ, सगळ्या काचा उतरवलेल्या आणि इंजिन चालू. इंजिन चालू हवंच, कारण बंद इंजिनात बॅटरी साडेबारा व्होल्टच्या खाली असते आणि चालू इंजिनात १४ च्या आसपास. तेवढ्या फरकानेही पंख्याचा वेग बदलतो. पहिलं माप : बाहेरच्या हवेवर सेकंदाला २.९ मीटर, रिसर्क्युलेशनवर ३.३. यंत्र नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी व्हेंटला चिकटवून ती किती आडवी होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की वाद मिटतो.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, कडेची दोरी सोडवली, दोन्ही बाजू आत दाबून खाली पाडला. मागे फिल्टरचं आडवं झाकण. फिल्टर बाहेर आला तो राखाडी गोधडीसारखा, घड्यांमध्ये पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आणि त्या फुलांचे गुलाबी तंतू. मधोमध बाक आला होता, म्हणजे हवा त्याला ओढून वाकवत होती. फिल्टर काढून झाकण लावलं आणि परत मोजलं, ४.३. ही चाचणी मिनिटभराचीच. "फिल्टर काढला की हवा मस्त येते" म्हणून तसेच महिनोन्‌महिने गाडी चालवणारे भेटतात. त्यांची धूळ फिल्टरऐवजी ओल्या कॉइलवर बसते आणि काही शे रुपयांचं काम काही हजारांचं होतं. काही जुन्या आणि बेसिक मॉडेलांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, तिथे हेच आपोआप घडतं. कॉइलवर धूळ आहे का, हे म्हणूनच या गाडीतही पाहायचं ठरलं. फिल्टर नऊ वर्षांत कितीदा बदलला, याचं उत्तर मालकांकडे नव्हतं.

फिल्टर झटकून किंवा गॅरेजमधल्या हवेच्या कंप्रेसरने प्रेशर मारून परत बसवण्यात अर्थ नाही. वरची धूळ उडते, तंतूंमध्ये रुतलेली राहते, आणि प्रेशरने कागद फाटतो. साधारण दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते, असा हिशेब असतो. जिथे रस्त्याचं काम चालू आहे त्या भागात रोज जाणाऱ्यांनी तो निम्म्यावर आणावा. पावसाळा संपला की एकदा बदलावाच, कारण ओलसर फिल्टरला कुबट वास धरतो. नवीन बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेने. कार्बनचा किंवा फार दाट विणीचा फिल्टर घेतला तर हवा थोडी कमी होणारच, धूळ अडवण्याची ती किंमत आहे. छोट्या ब्लोअरच्या गाडीत आम्ही साधा कागदी घालतो.

काचेखालची जाळी उघडायला वायपरचे दांडे काढावे लागतात. काढण्याआधी काचेवर त्यांच्या जागेला चिकटपट्टी लावून खूण केली की परत बसवताना वायपर कडेला आपटत नाहीत. आतून पाऊण बादली पानांचा चिखल निघाला. मुंबईत उन्हाळ्यात गुलमोहर आणि सोनमोहराच्या पाकळ्या, बाकी वर्षभर पर्जन्यवृक्षाची पानं, आणि पहिल्या पावसात या सगळ्याचा लगदा. या खाचेतलं पाणी वाहून जायची भोकं बुजली की पाणी थेट ब्लोअरच्या तोंडात उतरतं आणि डाव्या बाजूचं कार्पेट भिजतं. जाळी साफ केल्यावर बाहेरच्या हवेचं माप रिसर्क्युलेशनच्या जवळ आलं. इथवरचं सगळं काम घरच्या पार्किंगमध्येही करण्यासारखं आहे.

पार्किंगवरून आठवलं. ब्लोअरच्या डब्यात उंदराचं घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर ब्लोअर चालू करून पाहू नये, ते सगळं तोंडावर येतं. रबरी हातमोजे, मास्क, आधी जंतुनाशक फवारून ओलं करायचं आणि मग उचलायचं. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रातूनही पसरतो. दर पावसाळ्यात ऐकू येणारं हे नाव गाडीच्या कामातही विसरून चालत नाही.

आता ब्लोअर. डाव्या पायांच्या वर, खालून तीन स्क्रू, एक प्लग, आणि एक बोटभर रबरी नळी. ही नळी मोटरला थंड हवा देते; परत लावायला विसरलं तर मोटर काही महिन्यांत तापून जाते. काढण्याआधी एक माप घेतलं होतं : डीसी क्लॅम्प मीटर वायरला लावून, फिल्टरसकट १२ अँपिअर, फिल्टर काढून साडेपंधरा. नवशिक्याला हे उलटं वाटतं. वाट बुजली की मोटरवर ताण येऊन करंट वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. पण या पिंजऱ्याच्या पंख्याचं काम हवा उचलून फेकण्याचं. फेकायला हवाच मिळाली नाही तर पंखा हलका होतो, वेग वाढतो, आवाज चढतो आणि करंट घटतो. म्हणून "आवाज मोठा, हवा कमी, करंट कमी" म्हणजे अडथळा. "आवाज दबका, हवा कमी, करंट जास्त" म्हणजे मोटर स्वतःच जॅम होत आली आहे, बुश गेले आहेत. "हवा कमी आणि करंटही कमी, आवाजही कमी" असेल तर मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवल्यावर त्याचा आवाज चढतो, ते याच कारणाने.

पंखा बाहेर आला तेव्हा त्याची पाती धुळीने भरून जवळजवळ सपाट झाली होती. या पात्यांचा वाकलेला आकारच हवा फेकतो; पोकळी भरली की पंखा गरगर फिरतो आणि आतल्या आत हवा ढवळतो. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि मोटरला पाणी लागू नये म्हणून ती वर धरून साफ केला. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, कंप्रेसरची हवा मारून पंखा भिंगरीसारखा फिरवणं. त्याने तो ठरलेल्या वेगाच्या वर जातो आणि प्लॅस्टिक तडकतं. दुसरी, पात्यांवरच्या छोट्या पत्र्याच्या क्लिपा कचरा समजून उपटणं. त्या तोल साधण्यासाठी असतात; काढल्या की चार नंबरवर डॅशबोर्ड थरथरतो. साफ पंख्यावर माप ५.१.

ब्लोअरच्या प्लगवर व्होल्टेज पाहिलं. बॅटरीवर १४.१, मोटरच्या टोकांवर चार नंबरवर १२.२. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत खर्च होत होते. पंख्याचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात आणि हवा वेगाच्या प्रमाणात, म्हणजे दहा-बारा टक्के हवा इथेच जात होती. मीटरचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं एकेका जोडावर ठेवत गेलो. अर्थची बाजू ठीक होती. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आधी अर्थचा बोल्टच गंजलेला निघतो, त्यामुळे सुरुवात तिथून करतो. दोष सापडला ब्लोअरचे खालचे स्पीड ठरवणाऱ्या रेझिस्टन्सच्या प्लगमध्ये. एक पिन तपकिरी, प्लॅस्टिक वितळलेलं.

रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण एक ते तीन नंबरवर तो तापतो आणि त्याला ब्लोअरचीच हवा थंड ठेवते. हवा कमी झाली की तो जास्त तापतो, प्लग भाजतो, आणि शेवटी त्यातला फ्यूज उडून फक्त चार नंबर उरतो. म्हणून नुसता रेझिस्टन्स बदलून दिला आणि फिल्टर तसाच ठेवला तर सहा महिन्यांत गाडी परत येते. भाजलेली पिन खरवडून बसवण्याला आम्ही काम म्हणत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर वायरसकट चांगला प्लग मिळतो. वायर तेवढ्याच जाडीची, जोड क्रिम्प करून वर श्रिंक ट्यूब. फ्यूज मात्र लिहिलेल्याच अँपिअरचा. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टन्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे नंबर गायब होत नाहीत, ब्लोअर पूर्ण बंद तरी पडतो नाहीतर एकाच वेगावर अडकतो. नव्या प्लगवर मोटरला १३.६ व्होल्ट मिळाले, माप ५.६.

मोटर कधी बदललेली असेल तर आणखी एक गंमत तपासावी. वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, पण पिंजऱ्याचा पंखा असल्याने हवा तरीही त्याच दिशेने येते, फक्त फारच कमी. वारा येतो आहे म्हणून कोणाला संशय येत नाही. पंख्याच्या डब्याचा आकार पाहून तो कुठल्या दिशेने फिरायला हवा हे कळतं. या गाडीत मोटर मूळचीच होती.

फिल्टर नवा, पंखा साफ, व्होल्टेज पूर्ण, आणि झोत दुपटीच्या जवळ. गाडी दिली. आठवड्याने फोन आला, "गावात एकदम मस्त आहे. पण पुण्याला जाताना परत तेच. खालापूरऐवजी खंडाळ्यापर्यंत गेली, एवढाच फरक." अंदाज अर्धाच बरोबर होता तो असा. हवा वाढल्याने बर्फ धरायला वेळ लागला, धरायचा थांबला नाही.

गोठण्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आर-१३४ए गॅस कॉइलमध्ये किती थंड होईल हे तिथल्या दाबावर ठरतं. लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, २८ पीएसआयच्या सुमाराला तो शून्य अंशावर उकळतो, २० पीएसआयला उणे पाचच्या आसपास. दाब २८ च्या खाली बराच वेळ राहिला की कॉइलवर जमणारं पाणी बर्फ होऊ लागतं. सिग्नलला आयडलवर कंप्रेसर सावकाश फिरतो, दाब तेवढा खाली जात नाही. एक्स्प्रेस वेवर इंजिन तीन हजारांवर, कंप्रेसर जोरात ओढतो, आतले लोक गारठून ब्लोअर एकवर आणतात, म्हणजे कॉइलला ऊब देणारी हवाही घटते, आणि जुलैतल्या हवेत पाणी तर भरपूर. म्हणून हा दोष गावात दिसत नाही आणि हायवेवर दिसतो. गॅरेजमध्ये दहा मिनिटं एसी लावून "सगळं बरोबर आहे" म्हणणाऱ्यांना तो कधीच दिसणार नाही.

हे होऊ नये म्हणून कॉइलच्या पात्यांत एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, खोचलेला असतो. कॉइल दोन-चार अंशांपर्यंत खाली आली की तो कंप्रेसर बंद करवतो, ती थोडी वर आली की पुन्हा चालू. बर्फ धरण्याची कारणं त्यामुळे मोजकीच : थर्मिस्टर खोटं बोलतो, गॅस कमी असल्याने कॉइलचा सुरुवातीचा भागच अति थंड होतो, किंवा कंप्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, चिकटून कंप्रेसर बंदच होत नाही. इंजिन दोन-अडीच हजारांवर धरून, ब्लोअर एकवर, काचा बंद, रिसर्क्युलेशन, असं चाळीस मिनिटं चालवलं. क्लचचा 'टक' असा आवाज एकदाही आला नाही. लो साइड १९ वर. चार नंबर लावून मोजलं तर झोत १.२. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला, वीस मिनिटांत झोत पूर्ववत आणि खाली पाण्याचं थारोळं.

एसीचा स्विच बंद केल्यावर क्लच सुटत होता, म्हणजे रिले ठीक. थर्मिस्टर काढून मीटरला लावला. खोलीच्या तापमानाचा आकडा घेतला, मग पाण्यात बर्फ घालून त्यात बुडवला. चांगल्या थर्मिस्टरचा रोध तीस अंशांवरून शून्यावर येताना सावकाश, न अडखळता तीन-साडेतीन पट होतो. याचा झाला. म्हणजे थर्मिस्टरही चांगला. मग लक्षात आलं की तो काढताना पात्यांतून ओढावा लागलाच नव्हता. डब्याच्या क्लिपमध्ये नुसता लटकत होता, कॉइलपासून बोटभर लांब. फोम मारायला ते भोक सोयीचं. आधीच्या कामात थर्मिस्टर उपसून फोम सोडलेला आणि परत ठेवताना क्लिपमध्ये अडकवून मोकळे झालेले. बिचारा कॉइलऐवजी शेजारच्या हवेचं तापमान सांगत होता, आणि ती हवा कायम कॉइलपेक्षा गरम.

परत बसवण्याआधी कॉइल पाहायलाच हवी होती. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा रेझिस्टन्सच्या भोकातून घातला. कॉइलच्या तोंडावर वाळलेला करडा पापुद्रा, फोमने अर्धवट भिजवून पुन्हा घट्ट केलेला. या गाडीत ब्लोअरचा डबा आणि कॉइलचा डबा वेगळे आहेत. तीन नट काढले की ब्लोअरचा डबा सरकतो आणि कॉइलचं तोंड हाताला येतं. गॅस सोडावा लागत नाही. अनेक गाड्यांत ही सोय नसते, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तिथे गॅस काढून, कॉइल बाहेर धुऊन, नव्या ओ-रिंगा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस, असं दिवसभराचं काम होतं.

पाणी मारण्याआधी निचरा तपासला. कॉइलखालच्या ट्रेची नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, खाली येते. तिच्यात तार न घालता नायलॉनचा केबल टाय घालून गाळ मोकळा केला, तार ट्रे फोडू शकते. मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेनेच, कोरडा पापुद्रा उचलला आणि व्हॅक्यूमने ओढला. नंतर कॉइलचा फोम, पंधरा मिनिटं थांबून कुंड्यांना मारायच्या फवाऱ्याने दोन लिटर पाणी, थोडं थोडं, खाली पडणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवून. आधी काळं, मग चहासारखं, शेवटी स्वच्छ. जितकं घातलं तितकं बाहेर आलं नाही तर थांबायचं, कारण उरलेलं कार्पेटखाली जातं. प्रेशर वॉशर पाती वाकवतो. घरच्या एसीच्या आउटडोअर युनिटसाठी मिळणारी जहाल केमिकलं अ‍ॅल्युमिनियम खातात, वर्षभरात कॉइल गळू लागते.

थर्मिस्टर मूळच्या जागेच्या शेजारी चार-पाच मिलिमीटरवर खोचला. जुन्या भोकातली पाती सैल झालेली असतात, पकड येत नाही. खोचताना जोर बोटाचाच, पक्कडीचा नाही. आतली नळी फुटली तर कॉइल गेली. वायरला टाय मारून ओढ बसणार नाही असं केलं. गॅस मशीनने काढून वजन केलं तर स्टिकरपेक्षा ७० ग्रॅम जास्त निघाला. दोनदा "थोडा टाका" म्हणून भरलेला. गेजवरून गॅस किती आहे ते कळत नाही, वजनानेच कळतं. व्हॅक्यूम मारून मोजून भरला.

डबे जोडताना मधली फोमची पट्टी नवी लावली, जुनी हातात भुगा होऊन आली होती. व्हेंटमधून काळे कण उडत असतील तर ते अशाच पट्ट्यांचे किंवा पडद्यांवरच्या फोमचे. सगळं बसल्यावर अगरबत्ती पेटवून जोडांभोवती फिरवली. धूर कुठे उडत नव्हता, म्हणजे हवा डॅशबोर्डच्या पोटात गळत नव्हती. डॅशबोर्ड एकदा उतरवलेल्या गाड्यांत ही चाचणी टाळू नये. मधला डक्ट एका बाजूने नीट न बसल्याचं तिच्यात लगेच कळतं.

नव्या फिल्टरसकट माप ६.५. क्लच आता टक करून सुटत होता, थोड्या वेळाने पुन्हा धरत होता. मधल्या व्हेंटला लावलेला थर्मामीटर ७ ते १० अंशांत खेळत होता, बाहेर ३२. पण गॅरेजमधला आकडा या गाडीला पुरेसा नव्हता. ऐरोलीचा पूल ओलांडून कळंबोली, पुढे एक्स्प्रेस वे, काचा बंद, रिसर्क्युलेशन, ब्लोअर मुद्दाम एकवर, बाहेर पाऊस. फूड मॉलला न थांबता घाट चढून लोणावळ्याला उतरलो, इंजिन बंद न करता ब्लोअर चारवर नेला, काचा उतरवल्या आणि मोजलं. ६.३.